नव्या घराचा शोध

"सायकल हवी ना? मग हे पॅड खाली नव्या घरी देऊन ये," तोकुजी आजोबा म्हणाले. "एकटी जायचं, एकटी यायचं. जमलं तर सुट्टी संपेपर्यंत सायकल तुझी. नाही जमलं, तर जाशील तिथे माझ्याबरोबर."

चिनात्सुने पॅड काखेत मारलं. दहा वर्षांची ही मुलगी घरी, ओसाकात, दोन गाड्या बदलून एकटी पोहायला जायची. इथे आजोबांच्या गावी मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातही आजोबा हात धरून न्यायचे. गेले तीन दिवस ती हा हात सोडवायच्या मागे होती.

पॅड म्हणजे वाडीच्या सूचनांचं. एका घराने वाचायचं, यादीत आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी पोचवायचं. या वेळी त्यावर होतं, उद्या सकाळी सहा वाजता पाटाची सफाई, प्रत्येक घरातून एक माणूस.

"नवं घर ओळखायचं कसं?"

"न ओळखायला काय झालं? मियोशींचं."

"आपणही मियोशीच ना?"

"हो मग," आजोबा म्हणाले आणि वांग्यांना पाणी घालायला गेले.

खाली उतरताना चिनात्सु फाटकांवरच्या पाट्या वाचत गेली. मियोशी. मियोशी. पुन्हा मियोशी. म्हणून तिने पाट्यांचा नाद सोडला आणि सरळ नवं घर शोधायला लागली. ते पुलापलीकडे लगेच दिसलं. पांढरंशुभ्र, दारात अजून रोपंही न लावलेलं.

दार उघडणारी बाई हसली. "आमचं आडनाव हातानो. मार्चमध्येच राहायला आलो. तुमच्या वाडीत आम्ही येत नाही गं, आमचं पॅड वेगळं."

परत येताना जवळची वाट म्हणून चिनात्सु भाताच्या बांधावरून गेली. बांध संपला तिथे भलतीच गल्ली निघाली. तसलेच पत्रे, तसलीच पर्सिमनची फळझाडं, आणि पाटीवर अर्थातच मियोशी. दोन दारांत तिने हाका मारल्या. माणसं शेतावर गेली होती. एका वळणावरच्या दगडी देवापुढे ती तिसऱ्यांदा आली, तेव्हा वाट चुकल्याचं तिला कळलं. पण रडण्याची इच्छा तिने गिळून टाकली.

तोफू विकणाऱ्याची गाडी जवळ येऊन थांबली. "कोणाची गं तू?"

"मियोशींची."

"इथे कुत्रा सोडून सगळे मियोशीच. हरवलीस वाटतं? बस, चौकात सोडतो."

"हरवले नाही. शोधतेय. नवं घर माहितीय का तुम्हाला?"

"मी बाहेरगावचा. मला फक्त तोफू घेणारी घरं माहिती." तो गेला.

पाच वाजता खांबावरच्या भोंग्यातून रोजची धून वाजली. ती वाजली की मुलांनी घरी जायचं, असा नियम. धून संपली आणि नगरकचेरीतल्या माणसाचा सावकाश आवाज सगळ्या खोऱ्यात घुमला.

"नागरिकांना विनंती. दहा वर्षांची एक मुलगी दुपारपासून बेपत्ता आहे. डोक्यावर पिवळी टोपी, पायात निळ्या चपला. दिसल्यास कचेरीत कळवावे."

चिनात्सु जागीच थिजली. असे पुकारे तिने या तीन दिवसांत ऐकले होते. घराची वाट विसरलेल्या म्हाताऱ्यांसाठी ते असायचे. रागाने तिचे कान तापले. तिने टोपी काढून सदऱ्यात कोंबली. चपला काढून हातात घेतल्या. रस्ता चांगलाच तापला होता.

"अगं, तूच ना ती?" कुदळ खांद्यावर घेतलेली एक बाई शेतातून वर आली. "चल, घरी सोडते."

"पॅड दिल्याशिवाय नाही."

"आण इकडे, मी पोचवते."

"तुमचं नाव काय, काकू?" बाईने नाव सांगताच चिनात्सुने यादीवर बोट फिरवलं. "हा बघा तुमचा शिक्का. तुमची पाळी झाली. परत तुम्हाला कसं देऊ?"

बाईने खांद्यावरची कुदळ खाली टेकवली. "तोकुजींचीच नात शोभतेस."

"मला नवं घर फक्त दाखवा. बोटाने. बरोबर येऊ नका."

बाईने कुदळीचा दांडा समोर रोखला. पाटाकाठी एक घर वाकून उभं होतं. छपरावर शेवाळ, भिंत एका बाजूला फुगलेली.

"हे नवं?"

"थोरल्या घरातला धाकटा भाऊ वेगळा निघाला, तेव्हा बांधलं. झाली एकशेतीस वर्षं."

"मग जुनं कुठलं?"

"तुझ्या आजोबांचं. त्यांनी पाडून परत बांधलं, पण म्हणायचं जुनंच."

चिनात्सुला हसावं की ओरडावं कळेना. नव्या घरच्या म्हाताऱ्या आजोबांनी चष्मा शोधला, सूचना अक्षर न् अक्षर वाचली, शिक्का मारला आणि फोनकडे हात नेला. "नको," ती म्हणाली. "वाट सांगा, मी जाईन." पाटाच्या धारेच्या उलट दिशेने चढत जा, एवढंच त्यांनी सांगितलं.

आजोबा फाटकात उभे होते. चेहरा पांढरा पडला होता. तिला पाहताच ते चार पावलं पुढे आले.

"पॅड दिलं," ती म्हणाली. "सायकल."

"अख्खं गाव कामाला लावलंस आणि सायकल मागतेस?"

"मी नाही लावलं. फोन तुम्ही केलात. किती वाजेपर्यंत यायचं ते तुम्ही सांगितलं नव्हतं. नवं घर एकशेतीस वर्षांचं आहे, तेही सांगितलं नव्हतं."

सावाए आजी ओट्यावरून म्हणाली, "बरोबर बोलतेय पोरगी."

आजोबा आत गेले आणि कचेरीला फोन लावला. "हो, मियोशी बोलतोय. सापडली मुलगी."

"सापडले नाही," मागोमाग आलेल्या चिनात्सुने त्यांची बाही ओढली. "मी आले."

"तिकडे ठरलेला मजकूर असतो गं."

"मग बदलायला सांगा. सगळ्या गावाने ऐकलंय."

आजोबांनी तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. ते लाल झाले होते. मग ते फोनमध्ये म्हणाले, "ऐका, सापडली म्हणू नका. काम करून स्वतः परत आली, असं म्हणा. नाही, मी थांबतो. विचारा साहेबांना."

साहेबांना विचारून होईपर्यंत सहा वाजले. मग भोंगा बोलला, आणि तसंच बोलला. चिनात्सुने अंगणात उभं राहून शेवटपर्यंत ऐकलं.

आजोबा सायकलच्या मागच्या चाकात हवा भरत होते. "पुलाच्या अलीकडेच फिरायचं," ते मान वर न करता म्हणाले.

"पलीकडेसुद्धा."

आजोबांनी मान डोलावली आणि पंप पुढच्या चाकाला लावला.