सीट बेल्ट लावलेला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. पृथ्वीच्या पोटातल्या आगीतून माझा जन्म झाला. मी डोंगर उठताना पाहिले, नद्या वाटा बदलताना पाहिल्या, समुद्र पुढे आले आणि मागे गेले तेही पाहिलं. खरं सांगायचं तर यातलं पाहिलं काहीच नाही, कारण तेव्हा मी जमिनीखाली होतो आणि तिथे अंधार असतो. त्यानंतरची काही कोटी वर्षं विशेष काही घडलं नाही. मग एका माणसाने मला पेट्रोल पंपाच्या मागून उचललं आणि मोटारीच्या चाकाखाली घातलं. माझं आयुष्य तिथून सुरू होतं.

आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू आधी आपल्याला घडवणाऱ्या हातांचे आभार मानतात. मला कोणी घडवलेलं नाही, त्यामुळे मी कोणाचा मिंधा नाही. तुम्ही लोक न रडणाऱ्या माणसाला दगड म्हणता. नापास होणाऱ्याच्या डोक्यात आम्हीच भरलेले असतो. कोणी नुसता बसून राहिला की त्याला आमची उपमा मिळते. यावर मी वाद घालत नाही. मी फक्त हलत नाही.

मला उचलणारा माणूस घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावलं की नखाएवढी चक्रं त्याचं मुकाट्याने ऐकायची. पण स्वतःच्या जुन्या मोटारीचा हँडब्रेक त्याला शेवटपर्यंत वश झाला नाही. ओढला की तो वर यायचा, एवढंच. चाकांना त्याचा पत्ता नसायचा. म्हणून मी. माझी एक बाजू सपाट आहे, दुसरी पाचरीसारखी निमुळती. दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या दोन हातांत मी बरोबर मावतो, आणि त्याला तशी एक मुलगी होतीही.

आमची पद्धत ठरलेली होती. गाडी थांबली की बाबा पायाने ब्रेक दाबून धरायचे. ती उतरायची, उतार कुणीकडे आहे ते पाहायची, मला चाकाला भिडवायची, टाचेने एक लाथ घालून घट्ट बसवायची आणि बॉनेटवर दोन थापा मारून ओरडायची, "लागला." बाबा म्हणायचे, "बरं." मगच ते पाय उचलायचे. निघताना याच्या उलट. बाबा आत बसून सांगायचे, "काढ." ती मला ओढून काढायची, दोन थापा, "काढला." "बरं." सांगितल्याशिवाय काढायचा नाही, हा नियम. पाय ब्रेकवर आहे की नाही हे आत बसलेल्यालाच ठाऊक असतं, म्हणून.

तिचा एक धाकटा भाऊ होता, बाळ. आपल्यालाही एकदा दगड लावू द्या म्हणून तो फार मागे लागला. एकदा मला त्याच्या हाती दिलं. त्याने मला उताराच्या नेमक्या उलट बाजूला लावलं आणि मोठ्याने "लागला" म्हणाला. गाडी संथपणे समोरच्या सलूनमध्ये गेली. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या अर्ध्या तोंडाला फेस होता. आरशात त्याला मागून एक मोटार येताना दिसली आणि तिच्यात मागे वळून बाळकडे बघणारा ड्रायव्हर दिसला. कोणाला लागलं नाही. पण बाळचं आणि माझं तेव्हापासून जमत नाही.

पुढे घड्याळवाले गेले, मोटार गेली. गाड्या बदलत राहिल्या, मी बदललो नाही. आता गाडी बाळ चालवायचा. त्याच्या गाड्यांचे हँडब्रेक चांगले होते, तरी डिकीत माझी जागा ठरलेली होती. मधल्या काळात माझ्यावर अक्रोड फोडले गेले. चित्र लावायचे खिळे माझ्याने ठोकले गेले. एकदा तर पापडखारासारख्या कुठल्याशा पुडीवर मला महिनाभर वजन म्हणून ठेवलं. मी सोसलं. गाडी थांबली की त्या मुलीचा, म्हणजे आता ताईचा, हात डिकीत यायचा, आणि मी भरून पावायचो.

ताई टेलिफोन ऑफिसात होती. लोकांच्या तारा जोडून द्यायची. ते काम शेवटी एका बटणाने घेतलं. निवृत्त झाल्यावर ती भावाकडे राहायला आली आणि तिथे तिला दिवसभर एकच वाक्य ऐकू येऊ लागलं. भाजी निवडायला घेतली की बाळची बायको, म्हणजे वहिनीबाई, म्हणायच्या, "राहू द्या हो ताई, मी करते." भाचीला, म्हणजे चिमणीला, गणित शिकवायला बसली की चिमणी म्हणायची, "राहू दे आत्या, मोबाईलवर आहे." सगळे प्रेमानेच म्हणायचे, म्हणून भांडताही येत नव्हतं. आमच्या कामाला तेवढं कोणी राहू दे म्हणत नव्हतं.

मग बाळने नवीन गाडी घेतली. तिला हँडब्रेकच नव्हता. एक बटण होतं.

सलग तीन दिवस सुट्टी आली आणि समुद्रावर जायचं ठरलं. सकाळी डिकी भरली. बॅगा, चटई, छत्री, वहिनीबाईंच्या तीन जोडी चपला, चिमणीचा मोठा रबरी चेंडू. मी जमिनीवर.

"ताई, तो दगड नको आता," बाळ म्हणाला. "हे बघ, बटण. दाबलं की झालं."

"आणि नाही लागलं तर?"

"कंपनीने करोडो रुपये घालून बनवलंय ते. नाही कसं लागेल?"

"बाबांच्या गाडीचा ब्रेकपण कंपनीनेच बनवला होता."

बाळने कपाळाला हात लावला. "बरं, आण. पण शेवटचा. तिथे समुद्रावर पुष्कळ दगड आहेत, त्यांच्यात सोडून येऊ. त्यालाही बरं वाटेल, आपली माणसं भेटल्यासारखं."

"बघू," ताई म्हणाली. डिकीत जागा नव्हतीच. तिने मला टॉवेलात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन मागे बसली.

गाव सुटेपर्यंत तिच्या मांडीला मुंग्या आल्या, तेव्हा तिने मला शेजारच्या सीटवर ठेवलं. लगेच गाडी टिणटिण वाजू लागली. पुढच्या स्क्रीनवर लाल रंगात एक माणूस दिसायला लागला, बेल्ट न लावलेला.

"कोणी बेल्ट सोडला?" बाळने विचारलं.

"दगडाने," चिमणी म्हणाली.

आवाज थांबेना. शेवटी चिमणीने हसत हसत माझ्या पोटावरून बेल्ट घेतला आणि अडकवला. गाडी गप्प झाली. मित्रांनो, करोडो रुपये घालून बनवलेल्या त्या यंत्राने मला प्रवासी मानलं होतं. बाळने मात्र आरसा दुसरीकडे वळवला.

चहासाठी गाडी एका चढावर थांबली. ताईने मला घेतलं, उतार पाहिला, मागच्या चाकाला भिडवलं, टाच मारली. दोन थापा. "लागला."

उत्तर आलं नाही. बाळ बटण दाबून कधीच आत जाऊन बसला होता आणि टोस्ट मागवत होता. ताई गाडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली, चुकीच्या घराची बेल वाजवल्यासारखी. आतून वहिनीबाईंनी हाक मारली, "ताई, चहा गार होतोय." मग ती गेली.

निघतानाही कोणी "काढ" म्हणालं नाही. बाळ गाडी सुरू करून हॉर्न वाजवत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने मला कोणी न सांगता काढलं. पुन्हा बेल्ट लावताना रुमालाने माझी माती पुसली आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "पुढच्या वेळी नाही."

ते मला उद्देशून होतं असं मी समजतो.

लॉज समुद्राच्या अगदी जवळ होतं. गाडी आवारातल्या भिंतीला खेटून लावली, तोंड फाटकाकडे. ताईने मला भिंतीच्या बाजूच्या पुढच्या चाकासमोर बसवलं. दोन थापा. "लागला." बॅगा उचलायच्या गडबडीत कोणी वळूनही पाहिलं नाही.

आता माझी परिस्थिती लक्षात घ्या. समोर उतार. उताराच्या टोकाला फाटक, फाटकापलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे वाळू आणि मग समुद्र. पाठीशी नवी कोरी, जड गाडी. मधे मी, एकटा. मंडळी चालत समुद्रावर जायची, भिजून यायची, दुपारी झोपायची. गाडीकडे कोणी फिरकलं नाही. मी मात्र डोळ्यात तेल घालून उभा होतो. समुद्राचा आवाज यायचा. तिथे माझे भाऊबंद लाटा खाऊन खाऊन गोल गुळगुळीत झाले असतील, याचा विचार मी करत होतो. मला गोल व्हायचं नव्हतं. गोल दगड कोणत्याही चाकाला अडवू शकत नाही.

निघायचा दिवस आला. सामान चढलं, लॉजवाल्याचा निरोप घेऊन झाला. सगळे बसले. ताई सर्वांत आधी बसली होती, बेल्ट लावून. बाळ म्हणाला, "वाटेत बंदराच्या धक्क्यावर थांबू, दगडाला निरोप देऊ." त्याने बटण सोडलं आणि गाडी पुढे घेतली.

गाडी मला भिडली. मी होतो तिथेच होतो.

त्याने जरा जोर दिला. इंजिन गुरगुरलं, गाडी नाक उचलल्यासारखी झाली आणि पुन्हा खाली बसली. खालून कसलासा आवाज आला. नव्या गाडीला ओरखडासुद्धा पडू नये म्हणून बाळ तिला फुंकरीने पुसायचा. त्याने झटकन पाय काढला.

"काहीतरी अडकलंय आत," तो म्हणाला.

"मी म्हटलं होतं पांढरी घ्या," वहिनीबाई म्हणाल्या.

बाळने गाडी बंद केली, सुरू केली. बटण दाबलं, सोडलं. चिमणीने स्क्रीनवर माहितीपुस्तिका काढून वाचायला घेतली. कंपनीला फोन लावला, तर एक बाई गोड आवाजात म्हणाली की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग संगीत लावून गेली. लॉजवाला आला. खिडकीत वाकून त्याने निदान केलं, "खारी हवा. नव्या गाड्यांना सोसत नाही." शेजारच्या खोलीतले एक गृहस्थ दात घासत आले.

"माझ्या मेहुण्याच्या गाडीचं अगदी असंच झालं होतं."

"मग काय केलं त्यांनी?" बाळने आशेने विचारलं.

"विकली."

सगळ्यांनी गाडीत पाहिलं, फोनमध्ये पाहिलं, आकाशात पाहिलं. गाडीच्या खाली कोणी पाहिलं नाही. एका बाजूला भिंत होती आणि पुढे बंपर होता, हे मान्य. तरीही.

ताईने एकदा खिडकीची काच खाली केली आणि पुन्हा वर केली. मला माहीत होतं ती कशाची वाट बघतेय. एक शब्द हवा होता. तो आला नसता तर आम्ही दोघं तिथेच राहिलो असतो, सुट्टी संपली तरी. आमच्यापैकी एकाला त्याची सवयही होती.

शेवटी बाळने दमून मान टेकवली आणि त्याची नजर आरशात गेली. मागे ताई. तिच्या शेजारची सीट रिकामी. बेल्ट नुसताच लोंबत होता.

"ताई, दगड कुठे आहे?"

"जिथे असायला हवा तिथे."

बाळ मागे वळला. "मग काढायचा नाही का?"

"मला कोणी सांगितलं?"

"अगं, सगळे बघतायत."

"बघू देत. पाय कुठे आहे तुझा?"

त्याने खाली पाहिलं. पाय ब्रेकवर नव्हता. सलूनमध्ये गाडी घालवणाऱ्या त्या मुलासारखाच त्याचा चेहरा झाला. त्याने ब्रेक दाबला.

"ब्रेकवर."

"मग सांग."

दात घासणारे गृहस्थ घासायचे थांबले. बाळ खाकरला.

"काढ," तो म्हणाला.

ताई सावकाश उतरली. भिंत आणि गाडीच्या मधे शिरली, वाकली, मला दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढलं. बॉनेटवर दोन थापा मारल्या. "काढला."

आतून आवाज आला.

"बरं."

ते ऐकून ताईने दुसरीकडे तोंड केलं आणि माझ्यावरची वाळू झटकू लागली. माझ्यावर वाळू नव्हती. गाडी सुरळीत पुढे सरकली आणि थांबली. लॉजवाला म्हणाला, "हवाच होती."

"धक्क्यावर थांबायचंय ना?" चिमणीने विचारलं.

"काही नको," बाळ म्हणाला. "त्याला बेल्ट लाव. नाहीतर परत टिणटिण करेल ही."

मित्रांनो, मी दगड आहे, मला हात जोडता येत नाहीत आणि जोडायचेही नाहीत. मी विनंती करत नाही, सांगतो. तुमच्या घरात कोणाकडे एखादं काम असेल, अगदी चाकाला दगड लावण्याचं का असेना, तर ते त्याचं त्याला करू द्या. त्याने "लागला" म्हटलं की "बरं" म्हणा. त्याला पैसे पडत नाहीत, बटणही लागत नाही. आणि आम्हाला समुद्रात टाकायची भाषा करू नका. दोन दिवस ती अख्खी गाडी मी एकट्याने समुद्रापासून अडवून धरली होती. हे मी कोणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे.

मला घ्यायला चिमणी चेंडूसकट उतरली होती; परत बसण्याआधी तिच्या बुटाची नाडी सुटली. ती बांधायला तिने हातातला चेंडू खाली ठेवला, मी बसलो होतो बरोबर त्याच जागी. तिची नाडी बांधून झाली तरी चेंडू तिथेच होता. जागा सपाट होती.