गच्चीवरची सवत

आमचे हे, देवराम, अठ्ठावीस वर्षं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होते. दोन हजार सहा साली रिटायर झाले आणि मला न विचारता गच्चीवर सोलर पॅनेल आणि खाली त्याची बॅटरी बसवून मोकळे झाले. चार दिवे आणि एक पंखा चालणार, आणि तेवढ्यासाठी माझ्या पाटल्यांसाठी साठवलेले पैसे गेले! रोज सकाळी ते ओलं फडकं घेऊन पॅनेल पुसायला जायचे. मी खालून ओरडायचे, "पुसा, माझ्या सवतीचं तोंड पुसा!"

मे महिन्यात माझा धाकटा भाऊ दत्तू कळवणहून आला. संध्याकाळी नेहमीप्रमाणे भारनियमन सुरू झालं आणि अख्खी कॉलनी अंधारात गेली. आमच्याकडे मात्र पंखा फिरत होता आणि शेजारच्या बायका दिव्याखाली मेथी निवडत बसल्या होत्या. दत्तू हसत म्हणाला, "दाजी, एवढा खर्च वसूल व्हायला किती वर्षं लागतील?"

माझं डोकं सणकलं.

"दत्तू, ह्यांनी अठ्ठावीस वर्षं जगासाठी वीज केली आणि घरी येऊन मेणबत्तीच्या उजेडात जेवले. आज पहिल्यांदा ह्यांच्या घरात ह्यांची स्वतःची वीज आहे. वसुली विचारतोस? तुझ्या डोक्यावरचा पंखा बंद करू का?"

दत्तू निमूट मेथी निवडायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांच्या हातातलं फडकं हिसकावून घेतलं, गच्चीवर गेले आणि सवतीचं तोंड माझ्या हाताने लख्ख पुसलं.