पट्टीचं पथ्य

पिकअप स्टँडवर सकाळपासून झुंबड होती. ज्याच्या त्याच्या गाडीच्या मागच्या फाळक्यावर तांब्याची पट्टी चमकत होती आणि ती देणारे वायुबाबा खुर्चीत बसून समजावत होते, "वारा म्हणजे रुसलेला जावई. पट्टी त्याची मनधरणी करते. मग गाडी डिझेल कमी पिते, चाकं रस्ता धरून राहतात. फक्त पथ्य पाळा. मागच्या उघड्या हौद्यावर ताडपत्री ताणून बांधा, जड माल मागच्या चाकांवर ठेवा, गाडी सावकाश हाका. पथ्य मोडलं की पट्टी कोपते."

वैताग असा, की फरक पडत होता. माझ्या मेहुण्याची गाडी खरंच कमी डिझेल पिऊ लागली. मी काही बोलायला गेलो की तो म्हणे, "दादा, तुम्ही पुस्तकं वाचा."

पुढे त्याला वाटलं, पट्टी आता मुरली. ताडपत्री घरी टाकून, हौदा रिकामा ठेवून तो घाटात गेला. ओल्या वळणावर मागची चाकं सरकली आणि गाडी कठड्याला टेकून थांबली. शेजारी माझी भाची बसली होती. त्यातून तो एवढंच शिकला, की पट्टी कोपली. मोठी पट्टी लावून उद्या पुन्हा लेकीला त्याच रस्त्याने न्यायचं ठरलं.

माझी बहीण शाळेत विज्ञान शिकवते. ती नवऱ्याला म्हणाली, "लेक बसणार असेल तर आधी मी तपासणार."

वारा कुठे वाहतो ते दिसावं म्हणून तिने हौद्यात लोकरीचे धागे चिकटवले. मोठी पट्टी लावून, हौदा उघडा ठेवून मेहुण्याने गाडी पळवली. मागून माझ्या गाडीत कोंबलेले ड्रायव्हर, वायुबाबा आणि भाची बघत होते. धागे उलटे, केबिनकडे भोवंडत होते. मग पट्टी बहिणीच्या पर्समध्ये गेली, ताडपत्री ताणली, वर नवे धागे लावले. ते विंचरल्यासारखे सरळ मागे गेले.

चिखलाच्या चढावर पट्टीवाली रिकामी गाडी जागच्या जागी चाकं फिरवत राहिली. पट्टी काढून मागच्या चाकांवर वाळूची पोती ठेवली, तर निमूट चढली.

"उघड्या हौद्यात वारा घुमतो आणि गाडीला मागे ओढतो," बहीण म्हणाली. "ताडपत्रीवरून तो निसटून जातो. ओझं चाकाला रस्त्यावर दाबतं. गुण पथ्याचा, नाव पट्टीचं."

"पथ्य सांगितलं कोणी?" बाबा म्हणाले. "मीच ना?"

"हो. पुढच्या वेळी तेवढंच सांगा."

 मेहुण्याने पोती नीट सरकवली, भाचीने ताडपत्रीच्या गाठी आवळल्या. मला हायसं वाटणार, तेवढ्यात एक ड्रायव्हर पुढे आला. "ताई, सगळं पटलं. फक्त ही वाळू मंतरून कुठे मिळते?"

बहिणीने कपाळाला हात लावला. म्हणून माझी सगळ्यांना विनंती: गुण आला की एकदा पट्टी काढून गाडी चालवून बघा. या विनंतीला पथ्य नाही.