ऑगस्टातला कोट

कोट दिसला तेव्हा आगगाडीने कार्ल्सरूह स्टेशन मागे टाकलं होतं. नंदिनी सॅकमध्ये पाण्याची बाटली शोधत होती आणि हाताला लागला तो कोट. टॉवेलांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत, नीट घडी घातलेला नवऱ्याचा, श्रीपादचा, निळा कोट. बाहेर बत्तीस डिग्री ऊन. गरम पाण्याच्या कुंडात डुंबायला आणि डोंगरावर हवा खायला निघालेला माणूस कोट कशाला नेईल? तिने बाटली काढली, दोन घोट घेतले आणि सॅकची चेन होती तशी लावून टाकली. श्रीपाद खिडकीबाहेर बघत होता, नको इतक्या एकाग्रतेने.

ते चालले होते त्या बाडेन-बाडेनच्या कसिनोत पुरुषांना कोटाशिवाय आत घेत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. असल्या गोष्टी ठाऊक असणं हा गेल्या दोन वर्षांत तिचा जोडधंदाच होऊन बसला होता.

श्रीपाद बॉबलिंगेनच्या एका कंपनीत गाड्यांचे ब्रेक तपासणारा इंजिनियर. दुसऱ्यांचे ब्रेक तपासणाऱ्या या माणसाला स्वतःचा ब्रेक मात्र सापडेना, तेव्हाची ही गोष्ट. मोबाइलवरचा रूलेट, चाकावर पैसे लावायचा जुगार, त्याला लागला, दारू लागते तसा. किती पैसे गेले ते इथे सांगण्यात अर्थ नाही. गेले ते गेले, आणि जाताना घर घ्यायचा बेतही घेऊन गेले. नंदिनीला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तिला सांगितलं हरीशने.

हरीश सांगलीचा, श्रीपादचा कॉलेजपासूनचा मित्र. या दोघांना जर्मनीत आणलं त्याने, पहिला महिना आपल्या घरात ठेवून घेतलं त्याने, सरकारी कचेऱ्यांतून फॉर्म भरत फिरवलं तेही त्यानेच. बॉबलिंगेनच्या मराठी मंडळींचा गणपती त्याच्या घरी बसे आणि दोनशे मोदक त्याच्या दोन मोठ्या पितळी पातेल्यांत उकडत. तो आणि श्रीपाद एकाच गाडीने कामावर जात. जेवणाच्या सुट्टीत श्रीपाद पार्किंगमध्ये, बंद गाडीत बसून खेळतो, हे त्याने पाहिलं, महिनाभर त्याला समजावून पाहिलं आणि शेवटी वहिनीच्या कानावर घातलं.

जर्मनीत अशी सोय आहे की घरच्या किंवा जवळच्या माणसाने अर्ज केला, तर खेळाच्या आहारी गेलेल्याला सगळीकडे बंदी होते, मोबाइलवरही आणि कसिनोतही. अर्ज नंदिनीने केला. पण तेव्हा तिचं जर्मन म्हणजे दूध, ब्रेड आणि धन्यवाद. मजकूर हरीशने लिहिला, सही तिने केली. श्रीपादला पत्र आलं त्यात अर्ज करणाऱ्याचं नाव नव्हतं, पण पार्किंगचा उल्लेख होता, आणि पार्किंग फक्त हरीशला ठाऊक होतं. झालं. श्रीपाद त्याच्या दारात जाऊन नाही नाही ते बोलून आला. हरीशने हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. संध्याकाळी त्याने नंदिनीला फोन केला आणि म्हणाला, "वहिनी, त्याला कोणावर तरी चिडायचंच आहे. बाहेरच्यावर चिडू दे. घरात नको."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. नंदिनीने ठरवलं, महिन्याभराने सांगू. महिन्याचे सहा झाले. श्रीपाद दर गुरुवारी व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांच्या बैठकीला जाऊ लागला, रात्री झोपू लागला, भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरूही लागला. बरा होत होता, पण हरीशवरचा राग काठीसारखा धरून बरा होत होता. काठी काढून घेतली आणि माणूस पडला तर? या भीतीने ती गप्प बसली, आणि दोन गणपती हरीशकडे न जाता गेले. आपण भित्र्या आहोत हे तिला कळत होतं, आणि नुसतं कळून काही उपयोग नसतो हेही कळत होतं.

गेल्या महिन्यात श्रीपादने रीतसर अर्ज करून बंदी उठवून घेतली. आणि परवा हरीशचा मेसेज आला. आई एकटी पडली आहे, तो कायमचा सांगलीला निघाला होता. "मंगळवारची फ्लाइट आहे. मोठी पातेली नेता येणार नाहीत. हवी तर घेऊन जा, नाहीतर मंडळात देतो." बाकी एक अक्षर नाही. आज शनिवार होता. दोन दिवसांत श्रीपादला खरं सांगायचं, नाहीतर हरीश तो डाग घेऊन जाणार. आज डोंगरावर शांतपणे सांगायचं असं मनात धरून ती घरातून निघाली होती. आणि आता सॅकमध्ये कोट होता. कसिनोच्या वाटेवर निघालेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे आगीत तेल.

अकरा वाजता श्रीपादने दोन तिकिटं काढली. कसिनोची सकाळची टूर आहे, म्हणाला. खेळ बंद असतो, नुसता महाल दाखवतात. नंदिनी बरं म्हणाली. आत सोनेरी नक्षी, लाल रेशमी भिंती आणि लग्नाच्या हॉलमध्येही शोभणार नाहीत इतकी झुंबरं. पांढऱ्या केसांची गाइडबाई उत्साहाने राजे-रजवाड्यांच्या गोष्टी सांगत होती. शेवटी तिने लोकांच्या आग्रहाखातर चाक फिरवलं आणि गोळी सोडली. गोळी घरंगळत, टकटकत गेली. सगळे गोळीकडे बघत होते. श्रीपाद छताकडे बघत होता, आणि नंदिनी श्रीपादच्या मानेकडे, तिथली शीर कशी उडते आहे ते बघत होती. गोळी थांबल्यावर त्याने बाईंना अगदी शुद्ध जर्मनमध्ये विचारलं, टेबलं कधी उघडतात? तीनला, बाई हसून म्हणाल्या.

मग तीन वाजेपर्यंतचा वेळ काढायचा होता. नदीकाठच्या झाडांखालून ते चालले. गुलाबाच्या ताटव्यांपाशी एका जपानी जोडप्याचे फोटो काढून दिले, चेरीचा केक मागवला आणि अर्धा टाकला. केक टाकणाऱ्यांतला श्रीपाद नव्हे. कुंडाचं काय, टॉवेल आणलेत ना, असं तिने विचारून पाहिलं. नंतर बघू, तो म्हणाला. दुधाने तोंड पोळलेली ती बाई. त्याचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला की तिचा घास थांबे. त्यालाही ते दिसे, आणि तो मुद्दाम हात टेबलावर ठेवी.

मेर्कुर डोंगरावर लोखंडी दोराने ओढली जाणारी रेल्वे जाते. वर वारा होता, खाली गाव काडेपेट्यांएवढं दिसत होतं. बाकावर बसल्यावर श्रीपादने स्वतःच विषय काढला.

"कोट बघितलास ना गाडीत?"

तिने मान हलवली.

"आल्झो, म्हणजे असं, ऐक. मी आत जाणार. एक चक्कर मारणार आणि न खेळता बाहेर येणार. मला बघायचंय, जमतं का."

तिने विचारलं, कोणाला दाखवायला?  तो म्हणाला, "हरीशला. दारातून बाहेर पडलो की फोटो काढून पाठवणार आहे. बघ म्हणावं, ज्याला तू वेडा ठरवून कुलूप लावलंस तो आपल्या पायाने बाहेर आलाय. दोन वर्षं याच एका गोष्टीवर काढलीत मी."

नंदिनीला सगळं कळलं. म्हणजे आज हा त्या दारात शिरणार तो तिच्या खोटेपणाच्या बळावर. तिने गप्प बसून वाढवलेला राग त्याला हाताला धरून आत नेणार होता. सांग, आत्ता सांग, असं तिने स्वतःला बजावलं. "हरीश मंगळवारी चाललाय, कायमचा," एवढंच तोंडातून निघालं. श्रीपादने चमकून बघितलं. तुला कोणी सांगितलं म्हणून विचारलं. मेसेज आला, ती म्हणाली, पातेली हवीत का विचारत होता. जाऊ दे त्याला, श्रीपाद म्हणाला, पण आवाज घोगरा झाला होता.  अर्जाचं सांगणं राहिलंच; खाली जायची गाडी आली तशी दोघं उठली.

तीनला दहा मिनिटं असताना श्रीपाद टॉयलेटमधून कोट घालून बाहेर आला. कोट आता ढगळ होत होता. दोन वर्षांत तो बराच वाळला होता, हे रोज बघूनही तिच्या ध्यानात आलं नव्हतं. खांबांच्या रांगेतून दोघं आत गेली. काउंटरवर चष्मा लावलेला तरुण कर्मचारी होता. त्याने नम्रपणे आउसवाइस, म्हणजे ओळखपत्र, मागितलं. श्रीपादने पासपोर्ट पुढे केला. कर्मचारी कॉम्प्युटरकडे वळला आणि काहीतरी टाइप करू लागला.

नंदिनीला एकदम लख्ख दिसलं की तिच्या हातात काय आहे. आता तिला जर्मन येत होतं. बालवाडीत रोज वीस पोरांना आणि त्यांच्या आयांना ती याच भाषेत सांभाळत होती. या माणसाला खेळाचं व्यसन होतं, कृपा करून आत सोडू नका, एवढं एक वाक्य त्या चष्मेवाल्याला सांगितलं, तर तो श्रीपादला दारातच थांबवेल. तिने एकदा हे केलं होतं, पाठीमागून, दुसऱ्याच्या शब्दांत. आता समोर उभं राहून, स्वतःच्या शब्दांत करता येत होतं. कर्मचाऱ्याने मान वर केली, पासपोर्ट काउंटरवर परत ठेवला आणि तिच्याकडे बघून विचारलं, आपलं?

ती श्रीपादकडे वळली. मराठीत बोलली.

"तो अर्ज मी केला होता. हरीशने फक्त लिहून दिला. सही माझी आहे."

 श्रीपादचा पासपोर्ट अजून काउंटरवरच होता.

"त्याने मला म्हटलं, तुला सांगायचं नाही, आणि मला ते सोयीचं पडलं. तू त्याला जे जे बोललास ते माझं होतं. आता आत जायचं तर जा. मी अडवणार नाही."

कर्मचाऱ्याने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि अदबीने विचारलं, सगळं ठीक आहे ना? "या," श्रीपाद त्याला म्हणाला. जर्मनमध्ये हो म्हणाला, म्हणजे. मग त्याने पासपोर्ट उचलला, प्रवेशाचं तिकीट घेतलं आणि मागे न बघता आत गेला. काचेचं दार त्याच्यामागे आवाज न करता मिटलं.

नंदिनी बाहेर खांबांपाशी बाकावर बसली. सॅक मांडीवर घट्ट धरली. समोर बागेत बँडवाले खुर्च्या मांडत होते, आइस्क्रीम खाणारी पोरं पळत होती. आपण ते वाक्य का नाही बोललो, असं ती स्वतःला विचारू लागली. आत्ताही जाता येईल. उठावं, चार पावलं टाकावीत, चष्मेवाल्याला सांगावं. दोनदा ती उठली आणि दोनदा बसली. घड्याळ बघायचं नाही ठरवलं होतं, तरी बघितलं. आठ मिनिटं. चौदा. एकवीस. एकविसाव्या मिनिटाला तिला वाटलं, संपलं. आपण काठी काढली आणि माणूस पडला. तिला रडू आलं आणि आइस्क्रीम खाणाऱ्या एका पोराने तिच्याकडे टक लावून पाहिलं.

एकतीस मिनिटांनी श्रीपाद बाहेर आला. कोट काढून हातावर टाकलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला आणि कोट मध्ये ठेवला.

खेळलास का, हे तिने विचारलं नाही. दोन वर्षं ती रोज तेच विचारत आली होती, तोंडाने नाही तर डोळ्यांनी, त्याच्या मोबाइलकडे बघून, बँकेचं पाकीट आधी उघडून. आज ती समोरच्या बँडकडे बघत राहिली.

"नाही खेळलो," तो म्हणाला. "आणि तुझ्यासाठी नाही खेळलो असं समजू नकोस. तुझ्यावर इतका राग आला होता की मुद्दाम खेळणार होतो. टेबलापाशी जाऊन उभाही राहिलो." तो थांबला. "मग सुचेना की फोटो कोणाला पाठवायचा."

तिने कोटावर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही, पण आपला हातही ठेवला नाही.

"तुझ्याशी मी काय बोलायचं ते मला अजून कळत नाहीये, नंदिनी. आज नको. घरी जाऊन बघू."

बरं, ती म्हणाली. याहून जास्त मागायचा आपल्याला हक्क नाही, हे तिला नीट समजत होतं. तिला त्याची भीतीही वाटत होती आणि हायसंही, आणि दोन्ही एकदम वाटायची तिची ही पहिलीच वेळ होती.

त्याने मोबाइल काढला. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने त्या मोबाइलकडे बघितलं नाही. हरीशचा नंबर त्याला अजून तोंडपाठ होता; नाव मात्र त्याने केव्हाच पुसून टाकलं होतं. रिंग बराच वेळ वाजली. पलीकडून हरीशचा आवाज आला, हॅलो, कोण, पुन्हा हॅलो.  

"पातेली मंडळात देऊ नकोस," श्रीपाद शेवटी म्हणाला. "मी येतोय न्यायला."