सातवं मिनिट

शाळेत जीवशास्त्र शिकवणारे सर आणि त्याच प्रयोगशाळेत मदतनीस असलेली त्यांची बायको, यांची वर्षातून एकदा भर वर्गात शर्यत लागायची. दोघांनी आपापली लाळ काचेच्या नळीतल्या स्टार्चच्या पाण्यात घालायची. चिनीमातीच्या पांढऱ्या पाटीला बारा खळगे, प्रत्येकात आयोडीनचा पिवळा थेंब. दर मिनिटाला नळीतलं पाणी एकेका खळग्यात टाकायचं. स्टार्च शिल्लक असेल तर थेंब निळा होतो. लाळेतल्या एन्झाइमने तो कापून संपवला असेल तर पिवळाच राहतो. तिचं काम तिसऱ्या मिनिटाला आटपायचं, सरांचं सातव्या. बावीस वर्षं यात काडीचा फरक पडला नाही. पोरं तिला 'तीन मिनिटं' म्हणत आणि सरांना विचारत, "सर, जेवण तरी पचतं ना वेळेत?" सर लटकं रागवायचे आणि मग तोऱ्यात सांगायचे, "एन्झाइम एक तुकडा कापतं, बाजूला होतं, पुढचा धरतं. एवढं राबून स्वतः मात्र संपत नाही."

मग तिच्या घशात गाठ निघाली. किरणांनी गाठ गेली, पण लाळेच्या ग्रंथीही भाजून निघाल्या. तोंड कोरडं ठणठणीत. पावाचा घास पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायचा. लाळ परतायचीच असेल तर वर्षभरात परतेल, असं डॉक्टर म्हणाले होते. वर्ष भरलं.

"आणा ती पाटी घरी," ती म्हणाली. "एकदाचं कळू दे."

सकाळपासून ती नळी ओठांशी धरून बसली. दुपारपर्यंत तळाला जेमतेम नखभर लाळ जमली. घड्याळ आणायला ती आतल्या खोलीत गेली, आणि सरांना त्या नळीकडे बघवेना. उभ्या जन्मात कुणाची कॉपी खपवून न घेतलेला हा माणूस चटकन नळीत थुंकला, वर स्टार्चचं पाणी ओतलं आणि नळी हलवून ठेवली.

पहिला थेंब निळा. दुसरा निळा. तिसऱ्याला तिने श्वास रोखला; निळाच. सहावा जरा फिका. सातवा पिवळा राहिला.

"बघ!" सर ओरडले. "आहे! मंदावलंय थोडं, पण आहे!"

तिने पाटीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"सात," ती म्हणाली. "अहो, बावीस वर्षं हा आकडा फळ्यावर मीच लिहिलाय."

सरांचं तोंड एवढंसं झालं.

"सकाळपासून जमवलं होतं मी." तिचा आवाज चढला नाही, तेच त्यांना सोसेना. "त्यात माझं काही होतं की नव्हतं, आता कसं कळायचं?"

सरांना लाज वाटली आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. तिने त्यांची समजूत काढली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा नळी धरली. या वेळी सरांना दाराबाहेर खुर्ची टाकून दिली. दुपारी आतून तिचं मोजणं ऐकू येऊ लागलं. तीन. चार. सात. सर मनातल्या मनात 'आता थांब, आता थांब' म्हणत होते. ती बारापर्यंत गेली. मग नळाचं पाणी वाजलं.

ती धुतलेली पाटी पुसत बाहेर आली. सर उठून उभे राहिले.

"शाळेत नेऊन ठेवा," ती म्हणाली. "यंदा तुम्ही एकटेच. पोरं घाई करतील, त्यांना थांबायला सांगा. सात मिनिटं लागतात म्हणावं."