उंचीनुसार पाडलेले दोन संघ

लढाईतून पळून आलेल्या मुलांना मास्तर शाळेच्या मैदानात बास्केटबॉल शिकवत. मुलं हळूहळू हसू लागली होती. त्या दिवशी मास्तरांनी उंचीनुसार दोन संघ पाडले. त्यांतली एक ताई एकात, तिचा धाकटा भाऊ दुसऱ्यात. ताई त्याचा हात सोडेना.

"मास्तर, ही डिंकाची बाटली आहे!" पोरं खिदळली.

"आईनं सांगितलंय, हात सोडायचा नाही."

"अगं वेडे, खेळ आहे हा. सोड बघू," मास्तर हसत म्हणाले.

तिनं सोडला, पण खेळभर ती भावाकडेच बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दोघं आली नाहीत. मास्तर शरमून त्यांच्या निवाऱ्यात गेले.

"चला, दोघांना एकाच संघात घेतो."

ताईनं भावाला मागं ओढलं.

"गावातून निघताना गाडीवाले आईलाही म्हणाले होते, सगळ्यांना एकाच गाडीत घेतो."