ताईची दाढ आणि चावीचं घड्याळ

ताईला संमोहित करून तिची दाढ काढायची, असं धाकटीनं सांगितलं तेव्हा भावोजी इतके हसले की त्यांच्या कपातला चहा बशीत आला.

"म्हणजे काय, डोळ्यांसमोर लंबक हलवणार? मग आमच्या दुकानातूनच ने की! भिंतीवर पाच आहेत. हवा तो निवड."

"लंबक-बिंबक काही नसतं, भावोजी."

"आणि ही कोंबड्यासारखी आरवायला लागली तर? दुकानात गिऱ्हाइकांना काय सांगू मी?"

"तिला नको असेल तर नाही आरवणार. संमोहनात माणूस झोपत नाही, बेशुद्ध पडत नाही, कुणाच्या मुठीतही जात नाही. लक्ष एका जागी गोळा होतं आणि बाकीचं मागे पडतं, बस."

"तसं तर मला तुझ्या भावोजींचं बोलणं ऐकताना रोज होतं," ताई गालावर हात धरून म्हणाली. स्वतःच्याच विनोदावर हसायला गेली, तशी अशी कळ आली की डोळ्यांत पाणी तरळलं. मग कुणीच हसलं नाही.

दुखणं काही थट्टेवारी न्यायचं नव्हतं. उजवीकडची वरची दाढ आतून सडली होती, मुळाशी पू झाला होता, सूज डोळ्याकडे सरकत होती. गोळ्यांनी ती चार दिवस दबली आणि पाचव्या दिवशी पुन्हा वर आली. दाढ काढायलाच हवी होती, आणि तीही लगेच. एरवी धाकटीच्या दवाखान्यात हे दहा मिनिटांचं काम. हिरडीत सुई टोचली, गाल बधिर झाला, की दाढ बाहेर. पण सुई हीच तर अडचण होती.

तीन वर्षांपूर्वी दवाखान्यातल्या याच खुर्चीत धाकटीनं ताईला ती सुई दिली होती. दोन मिनिटांत ताईचे ओठ सुजले, घसा बंद झाला, नखं निळी पडली. रुग्णवाहिकेत तिचा हात धरून बसलेल्या धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ताई वाचली. मोठ्या रुग्णालयानं कागदावर लाल शाईत लिहून दिलं, की हे किंवा या जातीचं कुठलंही बधिर करायचं औषध या बाईंना पुन्हा कधीही देऊ नये. पूर्ण भूल द्यायची तर ताईचा दमा आडवा येत होता. तिथले डॉक्टर तयार झाले खरे, पण तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. दाढ तीन आठवडे थांबायला तयार नव्हती.

धाकटीनं वर्षभर सुट्टीच्या दिवशी जाऊन संमोहनाचं शिक्षण घेतलं होतं. घाबरणाऱ्या पेशंटवर वापरलंही होतं. कुणाला पटकन लागू पडायचं, कुणाला बेताचं, कुणाला अजिबात नाही. पण घरात तिच्या या विद्येला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय! तिच्या सरांनी फोनवर एवढंच सांगितलं, "प्रयत्न करून बघा. थांबायची खूण आधी ठरवा, आणि ती झाली की क्षणभरही पुढे जाऊ नका."

खूण ठरली. ताईनं डावा हात वर केला की काम बंद.

सकाळी सातला, दवाखाना उघडायच्या आधीच, ताई खुर्चीत आडवी झाली. पायाशी स्टुलावर भावोजी. डोक्याशी नर्सबाई, आणीबाणीच्या औषधांचा ट्रे मांडून. धाकटीनं दिवा मंद केला आणि शिकलेल्या संथ आवाजात सुरुवात केली.

"डोळे मिट, ताई. तुझ्यासमोर एक जिना आहे. दहा पायऱ्या. तू एकेक पायरी उतरते आहेस..."

"कठडा आहे का?" ताईनं विचारलं.

"आहे गं, कठडा आहे."

"मग ठीक. माझे गुडघे तुला माहीत आहेत."

सातव्या पायरीवर ताईनं एक डोळा उघडून किती राहिल्या ते विचारलं. धाकटीनं जिना सोडला आणि तिला समुद्रकिनारी नेलं. तिथे चपलेत वाळू गेली. बागेत नेलं, तर ताईला शिंका आली. पाऊण तास गेला. हिरडीला नुसता आरसा लागला तरी ताई वीतभर उडत होती. पालथ्या घड्यावर पाणी!

धाकटीनं हात टेकले. "जरा हात धुऊन येते," म्हणून ती बाजूच्या खोलीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. वर्षभराची विद्या, आणि ती नेमकी सख्ख्या बहिणीच्या कामी येत नाही! आता काय करायचं? तीन आठवडे तिला पुवाच्या हवाली करायचं? की सुईशिवाय, नुसतं धरून, ओरडत असताना दाढ उपटायची? ज्या ताईनं तिला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं, तिची? धाकटीला रडूच फुटलं.

भिंतीपलीकडून भावोजींचा आवाज आला. ते नर्सबाईंकडे गाऱ्हाणं मांडत होते.

"घरी बघा हिला. कामाला बसली की दूध उतू जातं, दारावरची बेल वाजून वाजून थकते, मी दहा हाका मारतो, पण हिला काही ऐकू येईल तर शपथ! एकदा कढत चहा हातावर सांडला तर संध्याकाळी मला विचारते, हा फोड कसला. आणि इथे बाईसाहेबांना मनातली वाळूसुद्धा टोचते!"

धाकटीनं नळ बंद केला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती जवळजवळ धावतच खुर्चीपाशी आली.

ताई घड्याळजी होती. दुकान भावोजींचं, गल्ल्यावर भावोजी, गप्पा भावोजींच्या. पण आतल्या टेबलाशी बसून मेलेल्या घड्याळांत जीव घालायची ती ताई. सव्वीस वर्षं रोज सहा-सहा तास ती त्याच अवस्थेत जात होती, आणि धाकटी मात्र तिला जिन्यावरून खाली न्यायला निघाली होती.

"ताई, सध्या टेबलावर कोणतं घड्याळ आहे?"

"एका मास्तरांचं आहे. चावीचं, मनगटी, जुनं. पूर्ण चावी दिली तरी अर्ध्या तासात बंद पडतंय. आठवडा झाला, माझ्या डोक्याला नुसता ताप आहे."

"आत्ता उघडू या ते. भिंग लाव."

ताईची डावी भुवई खाली आली, डावा गाल किंचित वर गेला, आणि मिटलेल्या डोळ्यात तिनं नसलेलं भिंग पक्कं बसवलं. उजव्या हाताची दोन बोटं चिमट्यासारखी जुळली. श्वास लांब झाला, मग इतका हलका, की नर्सबाई वाकून छाती बघायला लागल्या.

"पट्टा बाजूला. मागचं झाकण काढ."

बोटं हलली.

धाकटीनं आरशाची दांडी सुजलेल्या हिरडीवर टेकवली, मग दाबली. ताई हलली नाही. आणखी दाबली. काही नाही! पाच मिनिटांपूर्वी नुसत्या स्पर्शानं उडणारी हीच बाई! भावोजी स्टुलावरून अर्धवट उठले आणि तोंडावर हात ठेवून पुन्हा बसले.

"यंत्र बाहेर घे. काटे काढ, आधी मिनिटाचा, मग तासाचा. तबकडी सोडव." धाकटी बोलत होती आणि तिचे हात चालत होते. लहानपणी शाळेतून आल्यावर ती तासन्‌तास ताईच्या टेबलाशी उभी असायची. सगळी तऱ्हा तिला पाठ होती, निदान तिला तसं वाटत होतं. तिनं दाढेभोवतीची हिरडी सोडवली. रक्त आलं. ताईच्या कपाळावर एक आठी नव्हती.

"आता ते डुलणारं चाक, केसासारख्या बारीक स्प्रिंगसकट. अलगद उचल. डबीत ठेव."

पक्कड दाढेवर बसली. धाकटीनं बाहेरच्या बाजूला जोर दिला, मग आतल्या. दाढ कुरकुरली, हलली. जमतंय! खरंच जमतंय! आनंदानं धाकटीचे कान गरम झाले.

"छान. आता त्याच्याखालचा दोन शिंगांचा लिव्हर. तो काढ."

ताईचा डावा हात ताडकन वर गेला.

धाकटीनं जागच्या जागी हात थांबवला. पक्कड सोडून ती मागे सरली. नर्सबाईंनी औषधाची बाटली उचलली. अर्धी हललेली दाढ, तोंडात रक्त, आणि गुंगी मोडली. आता काय होणार? धाकटीला तीन वर्षांपूर्वीची निळी नखं दिसायला लागली.

"ताई, दुखतंय का?"

ताईनं मान हलवली. नाही. डोळे मिटलेलेच होते, भुवई अजून भिंग धरून होती. पण चेहऱ्यावर एवढा राग होता, की असला राग धाकटीनं फक्त दुकानात, कुणी तिच्या चिमट्याला हात लावला तरच पाहिला होता. उजव्या हाताची दोन बोटं हवेत काहीतरी उलटं फिरवत होती. पुन्हा पुन्हा.

"काय हवंय तिला? पाणी? भावोजी, काय म्हणतेय ही?"

भावोजी डोळे बारीक करून त्या बोटांकडे बघत होते. मग एकदम ओरडले, "अगं चावी! चावी उतरवायची राहिली!"

"काय?"

"आत स्प्रिंग भरलेली आहे ना! तू डायरेक्ट लिव्हर काढायला सांगतेस? लिव्हरनंच तर सगळी चाकं अडवून धरलेली असतात. तो निघाला की सगळी सुसाट सुटतात, दाते मोडून चुराडा होतो! आधी चावी उतरवतात, मगच बाकीचं. हे दुकानातल्या मांजरालासुद्धा माहीत आहे!"

टेबलाशी उभं राहून धाकटीनं सगळं पाहिलं होतं, हे सोडून. ताई ते काम चावीच्या डोक्यापाशी दोन बोटं धरून इतक्या सहज करायची, की बघणाऱ्याला वाटावं नुसती चाळवाचाळव चालली आहे.

"मग बोला ना तुम्ही!" धाकटी म्हणाली. "मला येत नाही. तुम्ही सांगा तिला!"

"मी? मला कुठे येतं तुझं ते संमोहन!"

"चावी उतरवायला सांगा, भावोजी. तेवढंच."

भावोजींनी घसा साफ केला. सव्वीस वर्षं गल्ल्यावरून आत ओरडणारा तो माणूस ताईच्या कानाशी वाकला आणि इतक्या हळू बोलला, की नर्सबाईंनी नंतर कितीतरी दिवस ते सांगितलं.

"लिव्हर राहू दे गं. अजून काढला नाहीस तू, जागेवर आहे. चावीचं डोकं दोन बोटांत धर. खटका बाजूला कर. हं. आता सोड... एकेक दाता... घाई नाही. गिऱ्हाईक उद्या येणार आहे..."

ताईचा डावा हात सावकाश खाली आला. धाकटीनं नर्सबाईंकडे पाहिलं, नर्सबाईंनी नाडीवर बोट ठेवून मान हलवली, सगळं ठीक. पक्कड पुन्हा दाढेवर बसली.

"एकेक दाता... उतरतेय... अजून आहे थोडी... झाली. संपली. आता स्प्रिंग मोकळी."

आणि तिन्ही मुळांसकट अख्खी दाढ धाकटीच्या पक्कडीत आली.

टण्‌ करून ती ट्रेमध्ये पडली. धाकटीनं जखमेवर कापूस दाबला, ताईला तो चावून धरायला लावला आणि मग तिथेच, खाली फरशीवर बसली. "निघाली," एवढंच ती तीनदा म्हणाली. नर्सबाई हसत होत्या. भावोजी एकदा दाढेकडे, एकदा बायकोकडे बघत होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना थट्टा सुचत नव्हती.

ताईनं डोळे उघडले. बोलता येत नव्हतं, म्हणून तिनं बोटानं कागद मागितला. धाकटीनं औषधांच्या चिठ्ठ्यांची वही पुढे केली. ताईनं त्यावर दणदणीत अक्षरात लिहिलं: "चावी भरलेली असताना लिव्हर काढतात का कुणी? मूर्ख!"

"अगं, ते जाऊ दे!" भावोजी म्हणाले. "खरं सांग, तुला खरंच गुंगी आली होती, की हिचं मन राखायला गप्प पडून होतीस? हे संमोहन खरं की खोटं?"

ताईनं खांदे उडवले. लिहिलं: "कुणास ठाऊक. सगळं ऐकू येत होतं. पक्कड आत गेलेली कळली, रक्ताची चव कळली."

धाकटी उठून खुर्चीच्या दांडीवर टेकली. हे विचारायला तिला सगळा धीर गोळा करावा लागला. "मग दुखलं असेल, ताई. तू सोसलंस का? माझ्यासाठी?"

ताईनं तिच्याकडे नीट पाहिलं. गेल्या तीन वर्षांत ताईच्या तोंडात नुसता आरसा घालतानाही धाकटीचा हात कापायचा, हे ताईला चांगलं माहीत होतं. तिनं धाकटीचा तो हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, त्यावर वही ठेवली आणि सावकाश लिहिलं: "दुखणं आलं होतं गं. दाराशी उभं होतं. मी कामात होते. म्हटलं, थांब जरा."